सबीहाच्या जागी

तारेपाशी जायचं नाही म्हणजे नाही, असं नज्मियानं ठरवून टाकलं होतं. आमच्या बुर्ज-अश्-शमालीच्या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावणीत तिचा शब्द खाली पाडायची कुणाची छाती नव्हती, तिच्या पोटच्या पोरांचीसुद्धा नाही. बाई सहासष्ट वर्षांची, गुडघे कामातून गेलेले, पण जीभ अजून पंचविशीतली.

ही त्या उन्हाळ्याची गोष्ट, ज्या उन्हाळ्यात इस्रायली सैन्य लेबनॉनच्या दक्षिणेतून चंबूगबाळं आवरून निघून गेलं. सरहद्दीवर धैरा गावाशी काटेरी तारेपर्यंतची वाट मोकळी झाली आणि छावण्याच्या छावण्या तिकडे लोटल्या. तारेच्या अलीकडे आम्ही, पलीकडे आमचीच माणसं, अठ्ठेचाळीस साली इस्रायल झालं तेव्हा तिकडेच मागे राहिलेली. लोक काट्यांतून बोटं घालत आणि पलीकडच्या बोटांना लावत. ज्याच्या त्याच्या हातात फोटो. फोटो नाही तर ओळखायचं कसं? पन्नास वर्षांत दात पडतात, केस जातात, पोट सुटतं, भाऊ भावासमोर उभा राहून विचारतो, तुम्ही कोण? आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्यानं तर भलत्याच माणसाचे पाऊण तास मुके घेतले. मग कळलं, तो शेजारच्या गावचा. पण घेतलेले मुके परत कसे मागणार, म्हणून दोघांनी एकमेकांना मामेभाऊ मानून टाकलं.

नज्मियाकडेही फोटो होता. तो होता म्हणूनच तर ती जात नव्हती.

मग एका दुपारी शेजारची उम्म वजीह घामाघूम होऊन दारात आली. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "ऐन-जर्बाच्या हमदाची माणसं कोण? तूच ना?"

"हमदा माझी आई, ऐन-जर्बा आमचं गाव. तुला माहीत नाही का?"

"मला माहीत आहे गं. पण तिकडे एक बाई तारेला धरून विचारतेय. पलीकडच्या शफा-अम्रहून येते, रोज येते. मी म्हटलं, आहेत की, आमच्याच गल्लीत आहेत. तर मला म्हणते, मग अजून आली का नाहीत? मेली आहेत का? मी काय तोंड दाखवू तिला?"

नज्मिया खाली बसली. सबीहा. तिची धाकटी बहीण, तीन वर्षांची असताना तापानं फणफणलेली, आत्याच्या घरी ठेवलेली. गोळीबार सुरू झाला तेव्हा आई म्हणाली होती, दोन दिवसांत परत येऊन नेते. सगळ्यांच्याच आया असंच म्हणाल्या होत्या. कुणी दाराला कुलूप घालून आलं, कुणी चुलीवर भांडं ठेवून. हमदा पोर ठेवून आली.

आता त्या फोटोचं सांगायला हवं, नाहीतर नज्मियाची भीती कळायची नाही.

आमच्या छावणीत त्या काळी प्रत्येक घरात असा एक फोटो असायचा. बाप कबरीत, एक मुलगा कुवेतला, एक जर्मनीत, मुलगी कुठे तिसरीकडेच, मग सगळ्या घराचा एकत्र फोटो निघणार कसा? तर जवळच्या सूर शहराच्या बाजारात हागोप नावाचा अर्मेनियन फोटोवाला होता. त्याच्याकडे सगळ्यांचे सुटे फोटो न्यायचे. तो ब्लेडनं माणसं कापायचा, रंगवलेल्या पडद्याच्या फोटोवर ओळीनं चिकटवायचा, कडा कुंचल्यानं बुजवायचा आणि त्या सगळ्याचा पुन्हा फोटो काढायचा. झालं घर एकत्र. त्याचे आईबापही असेच कुठून कुठून हाकलले गेलेले, त्यामुळे हे काम तो फार मन लावून करायचा.

हमदानं बासष्ट साली तसा फोटो करवून घेतला. मधे ती स्वतः खुर्चीवर. शेजारी नवरा, तो वारून तीन वर्षं झालेली, आणि त्याचा एकच फोटो होता तो लग्नाच्या वेळचा. त्यामुळे बायको पन्नाशीची आणि नवरा पोरसवदा. मुलगा मुत्लक कुवेतचा म्हणून अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात, दुसरा फय्याद बर्लिनचा म्हणून जाड लोकरी कोटात, दोघे खांद्याला खांदा लावून. एकाला घाम, एकाला थंडी. मागे नज्मिया उभी. सगळे आले. राहिली सबीहा. तिचा फोटोच नव्हता. तीन वर्षांच्या शेतकऱ्याच्या पोरीचा फोटो त्या काळी कोण काढतो?

हागोप म्हणाला, "बाई, नाही तर नाही. एक माणूस कमी."

हमदा उठून उभी राहिली. "कमी? म्हणजे तिला मी दुसऱ्यांदा टाकू?"

आणि तिनं नज्मियाची चार वर्षांची मुलगी पुढे ओढली, इतिदाल. तिच्या केसांचा मधोमध भांग पाडला, ऐन-जर्बातल्या मुलींसारखा, आणि तिला आपल्या गुडघ्याशी उभं केलं. "ही सबीहा. काढ." हागोपनं काढला. पुढे कुणी पाहुणा आला की हमदा भिंतीवर बोट ठेवून सांगायची: हा माझा नवरा, हा मुत्लक, हा फय्याद, ही सबीहा. सांगताना आवाज जराही कापायचा नाही.

इतिदाल दहा वर्षांची झाली तेव्हा तिनं विचारलं होतं, "आजी, यात मी कुठे आहे?"

"तू तर समोर आहेस की. फोटोत जे जवळ नाहीत त्यांना बसवायचं असतं," हमदा म्हणाली होती. मरताना तिनं नज्मियाला एवढंच बजावलं, की हा फोटो सबीहाच्या हातात द्यायचा, टपालानं नाही, दुसऱ्याच्या हाती नाही.

आता सबीहाच्या हातात तो द्यायचा म्हणजे तिला काय सांगायचं? ही बघ, तुझ्या जागी आम्ही दुसरी उभी केली? नज्मिया छावणीत कुणाला भ्यायली नव्हती, बॉम्बला नाही, सुईणीला नाही. पण या एका प्रश्नाला ती मनापासून भ्यायली.

तिनं मुत्लकला फोन लावला. कुवेतमधून हाकलल्यापासून तो अम्मानला होता. तो म्हणाला, "त्यात काय एवढं? ते पोर कापून टाक. आईच्या गुडघ्याशी आहे ना, खालच्या कडेलाच आहे. कात्री मार आणि दे."

इतिदाल शेजारी बसून ऐकत होती. आता बेचाळीस वर्षांची, बालवाडीत शिकवणारी, आईच्याच वळणाची. फोन ठेवल्याबरोबर म्हणाली, "मामाला म्हणावं, स्वतःचं डोकं काप. ते मोठं आहे, पुष्कळ जागा होईल."

"अगं पण ती काय म्हणेल?"

"काय म्हणायचं ते म्हणेल. माझ्या लहानपणाचा तो एकच फोटो आहे आई, आणि तोही माझ्या नावाचा नाही. त्यातूनसुद्धा कापणार मला?"

फोनवर बोलताना उचललेली कात्री नज्मियानं परत टोपलीत टाकली आणि उगाच खजूर भरलेल्या काअक बिस्किटांचं पीठ मळायला घेतलं. मळता मळता म्हणाली, "तू पण चल उद्या. पण तोंड बंद ठेव."

"बघू," इतिदाल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅन भरून निघाली. वाटेत सगळ्या बायका एकमेकींचे फोटो बघत होत्या. नज्मियानं आपला फोटो पिशवीतून बाहेर काढला नाही. कुणी मागितला तर म्हणाली, काच आहे, फुटेल. काच नव्हती.

धैऱ्याला धूळ, गर्दी आणि आरडाओरडा. तारेच्या दोन्ही बाजूंनी लोक गावांची नावं ओरडत होते. जी गावं नकाशावरून पुसून टाकून पन्नास वर्षं झाली, ती सगळी त्या सकाळी नावानिशी तिथं हजर होती. पलीकडे बंदूकवाले सैनिक, त्यांना काही कळत नव्हतं आणि ते कळत नसल्याचा त्यांना रागही येत होता. गुडघे धरत धरत नज्मिया पुढे गेली आणि छातीत होता नव्हता तेवढा श्वास भरून ओरडली, "ऐन-जर्बा. हमदाची माणसं."

पलीकडून गर्दीला कोपरं मारत एक बाई आली. ठेंगणी, केस रंगवलेले, हातात काळी पर्स. चेहरा नज्मियाच्या ओळखीचा नव्हता. पण चाल? ती चाल हमदाची होती, सावकाराशी भांडायला निघाल्यासारखी. नज्मियानं तार पकडली, काटा हातात घुसला तरी सोडली नाही.

"तू नज्मिया?" ती बाई म्हणाली.

"हो. सबीहा, मी—"

"रोज येतेय मी. पाय सुजले माझे. छावणी काय चंद्रावर आहे का तुमची?"

"माझे गुडघे..."

"गुडघ्यांचं सांगू नकोस. पन्नास वर्षं काय गुडघेच दुखत होते?" तिचा आवाज चढला. "आत्यानं मला लग्नापर्यंत सांगितलं नाही. मी तिलाच आई म्हणत होते. सतरा वर्षांची झाले तेव्हा सासरच्या एका बाईनं तोंडावर सांगितलं, तुला तुझ्या आईनं टाकलं, पळताना ओझं नको म्हणून. त्या दिवसापासून मला एकच विचारायचं आहे. खरं का ते?"

आजूबाजूचे लोक गप्प झाले. आमच्या लोकांना दुसऱ्याच्या भांडणात गप्प बसणं कधी जमत नाही, पण त्या वेळी जमलं.

नज्मियाला पुष्कळ सांगायचं होतं. रेडिओवरून निरोप पाठवले होते ते, आई दर ईदला एक फ्रॉक जास्त शिवायची ते, सबीहा हे नाव घरात दुसऱ्या कुठल्या मुलीला ठेवू दिलं नाही ते. पण त्याऐवजी तिनं पिशवीतून फोटो काढला आणि तारेतून पलीकडे सरकवला.

सबीहानं पर्समधून चष्मा काढला. तो लावून एकेकावर बोट ठेवू लागली. "ही आई?"

"आई."

"हा कोण, मोठा भाऊ?"

"बाबा आहेत ते. लग्नातले."

"आणि हा उन्हाळ्यात कोट घालून कोण उभा आहे?"

"फय्याद. बर्लिनला गेला तो तिथंच. गेल्या साली वारला."

सबीहानं तोंडातल्या तोंडात त्याच्यासाठी दोन शब्द म्हटले. मग तिचं बोट आईच्या गुडघ्याशी आलं. "ही?"

नज्मिया म्हणाली, "ती तू."

"मी?" सबीहानं चष्मा काढून पुन्हा घातला. "मी अशी नव्हते. माझ्या भुवईवर खूण आहे, दोन वर्षांची असताना उंबऱ्यावर पडले त्याची. ही बघ, अजून आहे. हिला कुठे आहे?" तिचा चेहरा पार उतरला आणि मग लाल झाला. "म्हणजे माझी जागासुद्धा भरून काढलीत. बरं झालं. कुणाची अडचण झाली नाही." आणि तिनं फोटो तारेतून परत ढकलला. "घे. यात मी नाही."

फोटो काट्याला अडकला. नज्मियाला वाटलं, आता आपण इथंच मरतो. आई एक काम सांगून गेली होती आणि ते आपल्या हातून नासलं.

तेवढ्यात इतिदालनं तिला बाजूला सारलं. तोंड बंद ठेवायचं सांगितलं होतं, पण ते त्या पोरीनं जन्मात कधी ऐकलं होतं? "ती मी आहे, मावशी," ती म्हणाली. "हिची मुलगी, इतिदाल. तुझा फोटो नव्हता. आजी म्हणाली, एक माणूस कमी करणार नाही. मला तुझ्यासारखा भांग पाडला आणि उभं केलं. माझं त्यात काही चाललं नाही, मी चार वर्षांची होते. त्यानंतर आजीला फार आठवण आली की ती मला भिंतीपाशी नेऊन उभी करायची आणि फोटोकडे बघायची, माझ्याकडे नाही. तुला टाकलं असतं ना, तर मी माझ्या नावानं लहानाची मोठी झाले असते. तुला कुणी टाकलं नाही, म्हणून मी त्या फोटोत नाही. आता काय रागवायचं ते रागव, पण ओझं म्हणून टाकलं असं पुन्हा म्हणू नकोस. ते ओझं मी उचललंय."

सबीहानं हात पुढे करून काट्यात अडकलेला फोटो हळूच सोडवला, फाटू न देता. मग पुन्हा एकदा त्या चिमुरडीकडे पाहिलं, मग तारेपलीकडच्या बेचाळीस वर्षांच्या बाईकडे.

"रागवायचीस का आजीवर?" तिनं विचारलं.

"रोज."

"मी पण," सबीहा म्हणाली आणि रडू लागली. नज्मियाही रडू लागली. दोघी तारेच्या दोन बाजूंना, मान खाली घालून, एकमेकींची बोटं धरून.

हे बघून कुठूनसा एक परदेशी फोटोवाला धावत आला. गळ्यात दोन कॅमेरे, बरोबर बैरूतचा एक दुभाष्या. तो गुडघ्यावर बसला, तारेतून नेम धरला आणि काहीतरी म्हणाला. दुभाष्या म्हणाला, "आजी, तो म्हणतो, हात असेच तारेवर ठेवा. रडणं थांबवू नका. फार छान येतंय."

नज्मियानं डोक्यावरच्या ओढणीनं डोळे पुसले आणि ताठ उभी राहिली. कुठून आलं तिच्यात कोण जाणे. "त्याला सांग, आम्ही काय रडायला मजुरीनं आणलेल्या बायका आहोत? रडायचं ते आमचं आम्ही रडू. हा फोटो मला नको."

"पण जगाला कळेल," दुभाष्या म्हणाला.

पलीकडून सबीहा म्हणाली, "जगाला माहीत आहे, बाबा. पन्नास वर्षं जग आम्हाला या तारेतूनच बघतंय. माझ्या घरच्या फोटोत ही तार यायची नाही." मग ती नज्मियाकडे वळली. तिचा चेहरा आता हमदासारखा झाला होता, हागोपच्या दुकानात उठून उभी राहिलेल्या हमदासारखा. "तो तुमचा फोटोवाला जिवंत आहे?"

"नाही. दुकान त्याची मुलगी चालवते."

"कापून चिकटवते?"

"अजून चिकटवते. छावणीत रोज कुणी ना कुणी लागतंच की."

"मग झालं." सबीहा पाठमोरी होऊन दहा पावलं मागे गेली, डोंगर पाठीशी येईल अशी उभी राहिली, केस सारखे केले आणि ओरडली, "त्याला म्हणावं, कॅमेरा तारेच्या भोकाला लाव आणि मला एकटीला काढ. पायापासून डोक्यापर्यंत. रडकी नाही, नीट. मग तिकडे फिर आणि या पोरीला एकटीला काढ. दोन्ही फोटो यांच्या पत्त्यावर पाठव. आणि तार आली तर बघ म्हणावं."

दुभाष्यानं सांगितलं. तो परदेशी माणूस गोंधळला. त्याला हवा होता तो फोटो हातचा गेला होता आणि समोर एक ठेंगणी बाई पर्स सावरून पासपोर्टला उभी राहावी तशी उभी होती. तरी त्यानं काढला. मग इतिदालचाही काढला. तिनं हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते दाबलं गेलं नाही.

सबीहा परत तारेशी आली. "मला आईच्या उजव्या हाताला चिकटवा. बाबांच्या पुढे नको, ते पोरगेलेसे आहेत, मीच त्यांची आई वाटेन. आणि ही मोठी इतिदाल माझ्या शेजारी. खाली तिचं नाव लिहा."

"आणि ती छोटी?" नज्मियानं विचारलं. "ती काढून टाकू?"

"हात लावायचा नाही तिला. तिनं माझी जागा राखली," सबीहा म्हणाली.

एवढ्यात पलीकडच्या सैनिकानं शिट्टी मारली. लोकांना मागे सारायला सुरुवात झाली. एक तरुण सैनिक सबीहाजवळ आला आणि तिच्या हातातल्या फोटोकडे बोट दाखवून काहीतरी दरडावून म्हणाला. पलीकडून काही घ्यायला मनाई असावी. त्यानं हात पुढे केला.

सबीहानं त्याच्याकडे पाहिलं. घाई न करता फोटो ब्लाउजमध्ये खोचला, वरचं बटण लावलं, आणि त्याच्याच भाषेत, शांतपणे, दोन वाक्यं बोलली. सैनिकाचा हात तसाच हवेत राहिला. मग त्यानं तो खाली घेतला आणि दुसऱ्या कुणावर तरी ओरडायला निघून गेला.

"काय म्हणालीस त्याला?" नज्मियानं तारेला गाल लावून विचारलं.

"म्हटलं, ही माझ्या घरची सगळी माणसं आहेत, एका ओळीत बसलीत. तुम्ही बसू दिलं नव्हतंत, आता उठवून दाखवा."